अठराव्या वर्षी मार्क

२०२५ च्या जूनअखेरची गोष्ट. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षे अमेरिकेत, मिशिगन राज्यात राहतो. मुलांच्या शाळेला सुटी लागली की दोन-तीन वर्षांतून एकदा सगळे चिपळूणला येतात. त्या दिवशी फजरची नमाज आटोपून मी पडवीत आलो, तर त्याचा चौदा वर्षांचा मुलगा आधीच तिथे बसलेला. बाहेर पाऊस, मांडीवर फोन, अंगात लाल टी-शर्ट आणि पाठीवर ५३ हा आकडा. एवढ्या पहाटे काय चाललेय, म्हणून विचारले.

"बडे अब्बा, आज ड्राफ्ट आहे. आमचा नंबर तेरावा आहे."

मला वाटले कुठल्या शाळा-कॉलेजच्या प्रवेशाची यादी लागतेय. त्याच्या चेहऱ्यावरची धाकधूक अगदी तशीच होती.

हॉकी म्हटले की आपल्या पिढीला हिरवे मैदान, मोहम्मद शाहिद आणि झफर इक्बाल आठवतात. ही हॉकी ती नव्हे. ही बर्फावरची, पायात धारदार स्केट घालून, चेंडूऐवजी कडक रबराच्या चकतीने खेळायची. अमेरिका आणि कॅनडा मिळून तिची एक मोठी लीग आहे, एनएचएल. तिच्यात ३२ संघ आहेत आणि डेट्रॉइट शहराचा संघ म्हणजे रेड विंग्ज. माझा पुतण्या त्यांचा भक्त. या संघाच्या चाहत्यांची एक जुनी खोड आहे. महत्त्वाच्या सामन्यात ते चक्क मेलेला ऑक्टोपस बर्फावर फेकतात. १९५२ साली हे सुरू झाले, कारण तेव्हा करंडकासाठी आठ सामने जिंकावे लागत आणि ऑक्टोपसला पाय आठ. आमच्या अम्मीने हे ऐकून विचारले, "मग ते खातात का?" नाही म्हटल्यावर तिचा त्या शहरावरचा विश्वास उडाला.

ड्राफ्ट म्हणजे नव्या मुलांची वाटणी. आपल्याकडे आयपीएलचा लिलाव होतो, पैशांची बोली लागते. इथे बोली नाही. दरवर्षी जगभरातली साधारण अठरा वर्षांची मुले यादीत येतात आणि संघ पाळीपाळीने एकेकाचे नाव घेतात. सात फेऱ्या, एकूण २२४ नावे. गेल्या हंगामात जे संघ तळाला राहिले त्यांची पाळी आधी. मात्र कोणी मुद्दाम हरू नये म्हणून वरच्या जागांसाठी सोडतही काढतात. ज्या संघाने नाव घेतले त्याच्याकडे त्या मुलाचे हक्क जातात. गाव कोणते, हे मुलाने ठरवायचे नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रे, टीव्हीवरचे जाणकार आणि क्रीडा मासिके सगळ्या संघांना मार्क देतात. अगदी शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखे, ए, बी, सी. ज्या मुलाने अजून त्या संघाकडून एकदाही बर्फावर पाय ठेवलेला नाही, त्याच्या निवडीला मार्क! मग चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, पत्रकारांना काय कळते? दुसरा म्हणतो, संघाला तरी काय कळते?

आमच्या घरात त्या आठवड्यात हे दोन्ही तट हजर होते. पुतण्या पहिल्या तटाचा, त्याचे अब्बू दुसऱ्या तटाचे.

एकच नंबर, दोन वर्षे

वाद ऐकता ऐकता मला जे कळले ते असे. डेट्रॉइटच्या चाहत्यांपुढे २०१८ आणि २०१९ चा विषय काढला की बाकी सगळे बाजूला राहते. लागोपाठच्या या दोन्ही वर्षी त्यांच्या वाट्याला नेमकी सहावी जागा आली होती.

२०१८ मध्ये त्यांनी फिलिप झादिना या चेक मुलाचे नाव घेतले. चकती जाळ्यात मारण्यात तो पटाईत मानला जाई. बऱ्याच याद्यांत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत होता आणि घसरत सहावर आला. पत्रकार खूश झाले, डेट्रॉइटला घबाड मिळाले असे म्हणू लागले. ज्या संघांनी मला सोडले त्यांची जाळी मी गोलांनी भरून टाकीन, अशा अर्थाचे बोलणे त्या मुलाच्या तोंडून आधीच निघाले होते, त्यामुळे चाहत्यांना तर चेव आला. पण झादिनाला ते जमले नाही. दुखापती, हुकलेले गोल आणि दर वर्षी थोडा अधिक दबाव. २०२३ मध्ये करारातली दोन वर्षे आणि त्यांचे पैसे सोडून तो डेट्रॉइटबाहेर पडला. पुढे एक वर्ष सॅन होजेला खेळला आणि मग युरोपात परतला.

त्याच्या लगेच नंतर, सातव्या क्रमांकावर, व्हँकुव्हरने क्विन ह्यूजला घेतले. तो तेव्हा मिशिगन विद्यापीठाकडून खेळत होता, म्हणजे डेट्रॉइटच्या अंगणातच. २०२४ मध्ये त्याला लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक मिळाला. घरासमोरचा आंबा शेजाऱ्याने काढून न्यावा, तसे झाले.

आता २०१९. संघाचा कारभार नुकताच स्टीव्ह आयझरमनकडे आला होता. हा माणूस डेट्रॉइटमध्ये म्हणजे घरातलाच. जवळजवळ वीस वर्षे कर्णधार, १९९७, १९९८ आणि २००२ अशा तीन वेळा करंडक उचललेला. निवड समारंभ व्हँकुव्हरला होता. सहाव्या क्रमांकावर त्याने नाव घेतले मोरित्झ सायडरचे. जर्मनीतल्या मानहाइम संघाचा बचावपटू, बहुतेक याद्यांत पहिल्या दहाच्याही बाहेर. कॅमेरा सायडरवर गेला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरच आश्चर्य होते. तो स्वतःही इतक्या लवकर नाव येईल असे धरून बसलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टीकेची झोड उठली. डिलन कझन्स उपलब्ध होता, ट्रेव्हर झेग्रस होता, कोल कॉफील्डसारखा गोल करणारा होता, मग हा कोण? कित्येक चाहतेही हेच विचारत होते. जर्मन लीगमध्ये त्या हंगामात सायडरच्या नावावर गोल आणि गोलला दिलेले पास मिळून २९ सामन्यांत जेमतेम सहा जमा होते. आकडे पाहिले तर पत्रकारांचे म्हणणे चूक नव्हते.

पण ते आकडे कुठे मिळवले होते? सायडर सतरा-अठराव्या वर्षी तिशीतल्या गड्यांबरोबर खेळत होता. तिथे अशा पोराला गोल करायला सोडत नाहीत. भिंतीजवळची धक्काबुक्की सांभाळ, चूक करू नकोस, एवढेच त्याचे काम. बरोबरीच्या मुलांत खेळणाऱ्याच्या आकड्यांशी हे आकडे ताडून पाहणे म्हणजे गावातल्या शाळेचे मार्क आणि बोर्डाचे मार्क एकाच ओळीत मांडणे. मानहाइमने त्या वर्षी जर्मन अजिंक्यपदही जिंकले होते.

पुढची दोन वर्षे सायडर डेट्रॉइटच्या दुय्यम संघात आणि मग स्वीडनमध्ये खेळला. २०२१ मध्ये तो एनएचएलमध्ये उतरला. पहिल्याच हंगामात सगळे ८२ सामने, ७ गोल, ४३ पास. २०२२ मध्ये सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक त्यालाच मिळाला. पुतण्याच्या पाठीवरचा ५३ हा त्याचाच आकडा.

"बघितलंत?" पुतण्या म्हणाला. "ज्याला डोक्यावर घेतलं तो गेला. ज्याला हसले तो राहिला. मग त्यांचे मार्क कशाला वाचायचे?"

भावाचे म्हणणे

माझा भाऊ शांतपणे घावन खात होता. तो म्हणाला, "बेटा, झादिनाला कोणी निवडलं? पत्रकारांनी?"

हा मुद्दा मला पटला. २०१८ ला पत्रकार चुकले, पण त्यांच्या आधी संघ चुकला होता. संघाकडे खेळाडू हेरणारी पगारी माणसे असतात, ती गावोगाव फिरतात, मुलाशी आणि त्याच्या प्रशिक्षकांशी बोलतात. एवढे करूनही सहाव्या जागेवर हात पोळला. मग वर्तमानपत्राने प्रश्न विचारायचे नाहीत तर कोणी विचारायचे? तिकीट काढून येणाऱ्या माणसाला बैठकीत जागा नसते. त्याच्या वतीने बोलणारा तेवढा वार्ताहर.

भाऊ पुढे म्हणाला की आयझरमनच्या बाबतीत चाहते नेमके हेच विसरले. 'तो सगळे जाणतो' म्हणून त्याच्या कारभाराला त्यांनी 'आयझरप्लॅन' असे नावच ठेवले आणि सायडर यशस्वी ठरल्यावर तर टीका करणे म्हणजे बेअदबी झाली. पण डेट्रॉइट २०१६ पर्यंत सलग २५ हंगाम बाद फेरीत जायचे आणि त्यानंतर, आम्ही पडवीत बसलो होतो त्या दिवसापर्यंत, नऊ हंगाम एकदाही गेले नव्हते. त्यातले सहा आयझरमनच्या हाताखालचे. एक सायडर बरोबर आला म्हणून बाकी सगळे बरोबर आले असे होत नाही. शिवाय सायडरऐवजी ज्यांची नावे पत्रकार घेत होते ती मुलेही काही वाया गेली नाहीत. कॉफील्ड मॉन्ट्रियलसाठी ढिगाने गोल करतो. पत्रकारांची यादी मूर्खपणाची नव्हती. सायडर तिच्यापेक्षा सरस निघाला, इतकेच.

इथे मला एक जुनी गोष्ट कळली आणि तिची फार गंमत वाटली. १९८३ मध्ये डेट्रॉइटचा नंबर चौथा होता. त्यांना हवा होता पॅट लाफाँटेन, जवळच वाढलेला मुलगा. सगळे शहर त्याच्यासाठी आसुसले होते. पण तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्कच्या आयलंडर्सनी त्याला उचलले आणि डेट्रॉइटला उरला तो दुसऱ्या पसंतीचा मुलगा घ्यावा लागला. तो मुलगा म्हणजे हाच स्टीव्ह आयझरमन. या संघाचा सगळा सुवर्णकाळच असा मागच्या बाकावरून आला आहे. निकलस लिडस्ट्रॉम १९८९ मध्ये ५३ वा, पावेल दात्स्युक १९९८ मध्ये १७१ वा, हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१० वा. या नंबरांवरच्या मुलांची नावे सकाळच्या पेपरात कोण वाचणार?

पुतण्या म्हणाला, "म्हणजे कोणालाच कळत नाही." भाऊ म्हणाला, "कळतं, पण थोडं. आणि बोलतात मात्र पूर्ण कळल्यासारखं."

माझे मत विचाराल तर मला त्या मार्कांत एक खोट दिसते. पत्रकाराने आपली यादी आधी छापलेली असते. संघाने त्या यादीप्रमाणे नाव घेतले की मार्क चांगले, यादीबाहेर गेला की कमी. म्हणजे तो मुलाला तपासतच नाही. आपल्या अंदाजाशी दुसऱ्याचा अंदाज जुळतो का, ते पाहतो. यादी तरी कशी बनते? जगभरची शेकडो मुले कोणी एकटा पाहू शकत नाही. चार फोन, दोन चित्रफिती, बाकीच्यांच्या याद्या. मग सगळ्यांच्या याद्या एकमेकींसारख्या होतात आणि सगळे म्हणतात ते खरेच असणार, असे वाटू लागते. पाच वर्षांनी परत येऊन आपलेच जुने मार्क तपासणारे पत्रकार आहेत, ते मला खरे टीकाकार वाटतात.

टीका कोणावर

पण या सगळ्यात माझ्या मनात राहिली ती दुसऱ्याच संघाची गोष्ट.

२०२३ मध्ये मॉन्ट्रियलचा नंबर पाचवा होता. चाहत्यांना हवा होता मात्वेई मिचकोव, गोलांचा जादूगार म्हणून गाजलेला रशियन मुलगा. त्याचा रशियातल्या संघाशी २०२६ पर्यंत करार होता, त्यामुळे तो कधी येईल याची संघांना धास्ती. मॉन्ट्रियलने डेव्हिड राइनबाखरचे नाव घेतले, स्वित्झर्लंडमध्ये खेळणारा ऑस्ट्रियाचा बचावपटू. मिचकोव सातव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाला गेला, अपेक्षेपेक्षा लवकर म्हणजे २०२४ मध्येच अमेरिकेत आला आणि पहिल्याच हंगामात त्याने २६ गोल केले.

मॉन्ट्रियलमध्ये हॉकीला जवळजवळ दीनच मानतात. पत्रकारांनी निवडीवर टीका केली, ते समजू शकते. पण चाहत्यांतले काही जण थेट त्या पोराच्या फोनपर्यंत पोहोचले. निवड झाली त्याच रात्रीपासून शिव्या आणि घाणेरडे निरोप. अठरा वर्षांचा मुलगा, जन्मातला सगळ्यात आनंदाचा दिवस आणि त्याने केलेला गुन्हा काय, तर कोणीतरी त्याचे नाव घेतले! पुढच्या वर्षी सराव सामन्यातच त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि बरेच महिने तो मैदानाबाहेर राहिला. नाव घेणारे व्यवस्थापक पन्नाशीचे, अनुभवी, भरपूर पगाराचे. त्यांना जाब विचारायला हवा. तो त्यांनी दिलाही. पण राग उतरला तो पोरावर, कारण पोराचा पत्ता फोनवर सहज सापडतो.

हे मी सांगत असताना पुतण्या गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "झादिनाला मी पण लिहिलं होतं एकदा. लहान होतो." काय लिहिलेस, हे त्याच्या अब्बूने विचारले नाही, मीही नाही.

कादरी

एक नाव मात्र आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, अम्मीलासुद्धा. नाझेम कादरी. आडनाव आपल्यातलेच वाटेल. कुटुंब लेबनॉनमधून कॅनडातल्या लंडन या शहरात येऊन स्थायिक झालेले. २००९ मध्ये टोरांटोने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. तिथल्या व्यवस्थापकाला खरे तर पहिल्या क्रमांकाचा जॉन टॅव्हॅरेस हवा होता आणि तसे तो उघड बोलूनही बसला होता. म्हणजे कादरी आला तोच मुळी दुसऱ्याच्या जागी.

टोरांटोत पत्रकारांचा पहारा कडक. २०१२ मध्ये दुय्यम संघाच्या प्रशिक्षकाने पत्रकारांसमोरच त्याच्या खाण्यापिण्यावर आणि अंगावरच्या चरबीवर ताशेरे मारले. पुढे २०१८ आणि २०१९ च्या बाद फेऱ्यांत रागाच्या भरात प्रतिस्पर्ध्याला धोकादायक धडक दिल्याबद्दल त्याच्यावर बंदी आली आणि संघाने त्याला कोलोरॅडोला देऊन टाकले. ही टीका खोटी नव्हती. माझा भाऊ स्पष्टच म्हणतो, आपला माणूस म्हणून त्याच्या चुका झाकायच्या नाहीत. २०२१ मध्ये तेच पुन्हा झाले, आठ सामन्यांची बंदी.

पण टीकाकारांनी त्या चुकांवरून अखेरचा निकाल लावून टाकला की मोठ्या सामन्यात हा संघाला ओझेच आहे. २०२२ मध्ये सेंट लुईसविरुद्ध गोलरक्षकाशी टक्कर झाल्यावर कादरीला धमक्या आल्या, धर्मावरून आणि वंशावरून शिव्या आल्या. पुढच्याच सामन्यात त्याने तीन गोल केले. नंतर अंगठा मोडला, शस्त्रक्रिया झाली, तरी अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात परतून जादा वेळेतला निर्णायक गोल त्याचाच. कोलोरॅडोने करंडक जिंकला. विजेत्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला तो करंडक एक दिवस आपल्या गावी नेता येतो. ऑगस्टमध्ये कादरीने तो लंडनच्या मशिदीत नेला. २०२१ च्या जूनमध्ये त्या शहरात एका मुस्लिम कुटुंबावर ट्रक घालून चौघांना मारण्यात आले होते आणि शोकसभेला हजारो लोक याच मशिदीबाहेर जमले होते. आता तिथेच लहान मुले त्या चांदीच्या करंडकाला हात लावायला रांगेत उभी होती. आमच्या अम्मीने तो फोटो पाहिला आहे.

त्या पहाटे तेराव्या क्रमांकाची पाळी यायला बराच वेळ लागला. पाऊस थांबला, दूधवाला येऊन गेला, मग कुठे डेट्रॉइटने कार्टर बेअर नावाच्या कॅनडाच्या मुलाचे नाव घेतले. पुतण्याने पडवीतून आत धाव ठोकली आणि झोपलेल्या अब्बूंना उठवले. दुसऱ्या दिवशी मार्क आले, तेव्हा त्याने ते मोठ्याने वाचायला घेतले आणि अर्ध्यावर थांबला.

दुपारी त्याने माझ्याकडून एक वही मागून घेतली. त्या वर्षी निवडलेल्या पहिल्या वीस मुलांची नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे स्वतःचे मार्क. बेअरला किती दिले, ते हाताने झाकले. मग वही आजीकडे दिली. तिने ती लोखंडी कपाटात, घराच्या कागदपत्रांखाली ठेवली आणि विचारले, "कधी काढायची?"

"२०३० मध्ये, इन्शाअल्लाह. तोवर कोणी उघडू नका. अब्बूपण नाही."